चाचणीचे साधन निवडताना दुकानदाराची भाषाही महत्त्वाची

रायपूर : वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले. तुपावरील कर १२ टक्क्यांवरून, तर अंगाच्या साबणावरील १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या बाजारपेठेतील दुकानांत वापरल्या जाणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असा बदल एका रात्रीत उतरवावा लागतो. दराचा आकडा बदलणे सोपे असते. मात्र आदल्या आठवड्यात विकलेला डबा परत आला, तर कोणता दर धरायचा? याचे उत्तर प्रोग्रामरपेक्षा दुकानदार आणि त्याच्या हिशेबनिसाकडून मिळण्याची शक्यता अधिक.

ही दरी भरून काढण्यासाठी वर्तनाधारित चाचणी, अर्थात ‘बीडीडी’, वापरली जाते. ब्रिटिश सॉफ्टवेअरतज्ज्ञ डॅन नॉर्थ यांनी २००६ मधील लेखातून ही पद्धत विस्ताराने मांडली. तीत अपेक्षित वर्तन साध्या वाक्यांत लिहिले जाते : ‘जर तुपाची करपात्र किंमत १,००० रुपये आहे, जेव्हा २२ सप्टेंबर २०२५ रोजी बिल केले जाते, मग एकूण रक्कम १,०५० रुपये असावी.’ प्रत्येक वाक्य प्रोग्रामच्या एका तुकड्याशी जोडलेले असते. सॉफ्टवेअरने जुन्या दराने १,१२० रुपये दाखवले, की चाचणी नापास होते आणि चूक नेमक्या कोणत्या वाक्यापाशी आहे, तेही कळते.

साधनाची निवड प्रथम प्रोग्रामिंगच्या भाषेवर ठरते. जावा, रुबी व जावास्क्रिप्टसाठी ‘कुकुंबर’, पायथॉनसाठी ‘बिहेव्ह’, तर पीएचपीसाठी ‘बीहॅट’ प्रचलित आहे. डॉटनेटमध्ये अनेक वर्षे ‘स्पेकफ्लो’ वापरले जात असे. त्याचा आधार २०२४ अखेर संपला आणि संबंधितांना ‘रेक्नरोल’कडे वळावे लागले. त्यामुळे साधनाची देखभाल कोण करते, हे लोकप्रियतेआधी पाहिलेले बरे.

कुकुंबरच्या वाक्यरचनेला ‘घर्किन’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ लोणच्याची छोटी काकडी. घर्किनमध्ये सत्तरहून अधिक भाषांतील सूचक शब्द चालतात. मराठीत ‘जर, जेव्हा, मग’, तर हिंदीत ‘अगर, जब, तब’. गोल बाजारातील व्यापाऱ्यासाठी चाचण्या हिंदीत लिहिता येणे ही सोय लहान नव्हे. बिहेव्हची भाषासूची मात्र स्वतंत्र आहे. ती आधी तपासावी.

ही वाक्ये प्रोग्रामरखेरीज कोणी वाचणारच नसेल, तर असे साधन घेऊ नये. वाक्ये आणि प्रोग्राम दोन्ही सांभाळण्याचा खर्च वाढतो. तेथे साधी स्वयंचलित चाचणी पुरेशी ठरते. खरेदी किंवा प्रशिक्षणापूर्वी माल परतीचे एकच प्रकरण निवडलेल्या साधनात लिहून हिशेबनिसाला वाचायला द्यावे. त्याने वाक्यात दुरुस्ती सुचवली, तर साधन उपयोगी पडते आहे असे समजावे.