जोशी लघुरेल्वे संग्रहालय
जोशी लघुरेल्वे संग्रहालय हे पुण्यातील कोथरूड भागात असलेले, चालत्या रेल्वे प्रतिकृतींचे संग्रहालय आहे. ते भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिले. आरंभी ते हलविता येण्याजोगी मांडणी प्रदर्शनांत दाखवीत. मात्र दर वेळी ती नव्याने जुळविणे कष्टाचे होते. कायमस्वरूपी मांडणी १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुली झाली.

येथील शहर काल्पनिक आहे. १:८७ या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. तरीही सर्कस, पोहण्याचा तलाव, उड्डाणपूल असे तपशील त्यात बारकाईने साकारले आहेत. वाफेचे इंजिन आणि आधुनिक द्रुतगती गाडी एकाच देखाव्यातून धावतात. अंधार करून इवलेसे दिवे उजळले, की गाड्यांइतकेच गावही प्रेक्षकांचे लक्ष वेधते.