मानसशास्त्राचं पुस्तक पारखताना

अकरावीला मानसशास्त्र शिकवणारे आमचे एक शिक्षक मित्र आहेत. मागे एकदा त्यांनी तीन जाडजूड पुस्तकं आमच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "संदर्भाला यातलं कोणतं ठेवू?" आमचं संशोधन दुसऱ्या विषयातलं. पण प्रयोगांचे अहवाल वाचण्यात आमची बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून हो म्हटलं.

तिन्हींच्या अनुक्रमणिका जवळजवळ सारख्या होत्या: मेंदू, संवेदन, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व. त्यावरून निवड करणं म्हणजे ताटातले पदार्थ मोजून चव ठरवण्यासारखं. मग आम्ही ठरवलं, की अशा पुस्तकांत हमखास येणारी एकच गोष्ट घ्यायची आणि ती कोण कशी सांगतं ते पाहायचं.

गोष्ट किटी जिनोव्हीज या तरुणीची. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तिचा भोसकून खून झाला. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली, की ३८ शेजारी अर्धा तास हे पाहत होते आणि कोणीही पोलिसांना वेळेवर कळवलं नाही. ही बातमी जगभर गाजली आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

पुढे नोंदी तपासल्यावर वेगळंच चित्र दिसलं. दुसरा आणि जीवघेणा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याच्या तळाशी झाला होता. तो बहुतेकांना दिसणंच शक्य नव्हतं. पहिल्या हल्ल्याच्या वेळी एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं. एक शेजारीण धावत खाली गेली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला धरून बसली. २००७ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी हे पाठ्यपुस्तकांच्या नजरेस आणून दिलं. २०१६ मध्ये खुद्द त्या वृत्तपत्रानेही साक्षीदारांची संख्या आणि त्यांनी पाहिलेलं फार फुगवून सांगितलं गेल्याचं मान्य केलं.

तिघांपैकी दोन पुस्तकांत ३८ जण जसेच्या तसे उभे होते! पण एवढ्यावरून पुस्तक बाद करू नये असं आमचं मत. जुनी आवृत्ती असेल तर चूक क्षम्य आहे. खरी परीक्षा पुढच्या परिच्छेदात असते.

या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवरून चर्चा करत. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज येई. बाकीचे आवाज खरं तर ध्वनिमुद्रित होते. आपल्याशिवाय ऐकणारं कोणी नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी एक जण ऐकतो आहे असं वाटलं तेव्हा ६२ टक्के. आणखी चार जण आहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के.

एका पुस्तकात याचा निष्कर्ष एकाच वाक्यात होता: गर्दीत कोणी मदत करत नाही. दुसऱ्यात तेवढाही प्रयोग नव्हता, नुसती खुनाची कथा. तिसऱ्यात हे आकडे छोट्या तक्त्यात दिले होते आणि प्रत्येक गटात किती विद्यार्थी होते तेही: १३, २६ आणि १३. म्हणजे ३१ टक्के म्हणजे तेरापैकी चार जण. हा रकाना आम्हांला फार महत्त्वाचा वाटला. टक्केवारीमागे माणसं किती, हे मुलांना दिसायला हवं.

आणि आकडे हाती असले की गणित करता येतं. ऐकणारे पाच, प्रत्येकाने न उठण्याची शक्यता ०.६९. पाचांपैकी एकानेही न उठण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.१६. तेव्हा निदान एक तरी उठण्याची शक्यता ८४ टक्के! दोघांसाठी हेच गणित केलं तर ८६ टक्के येतात. एकटा असताना ८५. म्हणजे गर्दीत प्रत्येकाची जबाबदारीची जाणीव पातळ झाली हे खरं, पण फिट आलेल्याला मदत मिळण्याची शक्यता जवळपास तेवढीच राहिली. 'गर्दीत कोणी मदत करत नाही' हे वाक्य त्या प्रयोगातून निघतच नाही. २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउनच्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांची कॅमेराचित्रणं तपासली गेली. दहापैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडलं होतं. सोळा वर्षांच्या मुलाला शहराबद्दल, शेजाऱ्यांबद्दल आपण काय सांगतो आहोत, याचा हा प्रश्न आहे.

सॉलोमन ॲशच्या रेषांच्या प्रयोगाचंही असंच. सुमारे एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या दबावाने चुकली हे सगळे छापतात. सुमारे पाव लोक एकदाही दबले नाहीत हे क्वचित.

आपल्या कामाशी थेट भिडणारं पान मात्र अध्ययनाचं. काही पुस्तकं मुलांचे 'दृश्य', 'श्राव्य', 'कृतिप्रधान' असे कप्पे पाडून तसं शिकवा म्हणतात. २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी याचा पुरावा शोधला. योग्य रचनेचे प्रयोग फारच थोडे सापडले, आणि त्यांतले काही तर उलट दिशेचे होते. तरी शिक्का मारला जातो, आणि 'श्राव्य' ठरलेल्या मुलीला नकाशा कमी दाखवला जातो.

मित्रांनी तिसरं पुस्तक घेतलं. त्याची छपाई यथातथा आणि चित्रं काळीपांढरी आहेत. महिन्याभराने ते सांगत आले, की फळ्यावर ०.६९ चं गणित केल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, पण ती पाच माणसं एकमेकांना बघत असती तर?"

गणिताचा पाया नेमका हाच होता: प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र. सरांनी पान उलटलं. पुढचा प्रयोग त्याच दोघा संशोधकांचा, धूर शिरणाऱ्या खोलीचा. एकटं बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोक धुराची वर्दी द्यायला उठले होते. तिघांना एकत्र बसवलं, तर स्वतंत्र निर्णयाच्या हिशेबाने ९८ टक्के गटांतून कोणीतरी उठायला हवं होतं. प्रत्यक्षात ३८ टक्के गटांतूनच उठलं. बाकीचे एकमेकांच्या शांत चेहऱ्यांकडे पाहत धुरात बसून राहिले.