नळाचे पाणी आणि नदीची मासळी

खांडेपार नदीचे पाणी ओपा येथे उपसून नळाने फोंडा-पणजीकडे जाते. ते उपसले नाही तर मांडवीला मिळून समुद्रात ‘वाया’ जाते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्यांचे जेवण हुमणावाचून पुरे होत नाही, त्या गोमंतकीयांनी तरी असे म्हणू नये.

मांडवी आणि जुवारी या भरती-ओहोटीच्या नद्या. पावसाळा सरला की खारे पाणी आत सरकू लागते. त्याला थोपवून धरते ते वरून येणारे गोडे पाणीच. या दोहोंच्या मिलाफात सुंगटांची पिले वाढतात, शेवटे चरतात, मुखाशी जन्मलेली चणकाची पिले वर चढतात. चैत्र-वैशाखात हा गोडा प्रवाह मुळातच क्षीण असतो आणि नेमकी तेव्हाच आपली तहान वाढते. पुढे जून-जुलैत 61 दिवस ट्रॉलर किनाऱ्याला लागले, की हीच नदीची नि खाजनांची मासळी आपल्या पानात पडते.

शिवाय उपसलेले पाणी नाहीसे होत नाही. साबण नि घाण घेऊन ते पुन्हा नदीकडेच निघते. पणजीकरांनी सांतिनेजचा ओहोळ किती वर्षे नाक दाबून ओलांडला, हे आम्ही सांगावयास नको. तो ओहोळ मांडवीलाच मिळतो.

सप्टेंबर 2021 पासून महिन्याला 16 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना गोव्यात आली. पाणी वाचवा, असेच तीही सांगत होती. परंतु दिवसाला 533 लिटरांच्या मर्यादेत राहण्यासाठी चार-पाच माणसांच्या घराने कोणता नळ आवळावयाचा? टँकरची वाट पाहणाऱ्या गृहिणीला काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचा रोख पाइप लावून मोटारी धुणाऱ्यांकडे आहे.

14 ऑगस्ट 2018 रोजी म्हादई लवादाने कळसा-भंडुरासाठी 3.9 टीएमसी पाणी कर्नाटकास दिले, तेव्हा गोव्यात उसळलेला संताप आम्ही रास्तच मानतो. मात्र समुद्राला मिळणारे पाणी वाया जात नाही, हे शेजाऱ्याला बजावणाऱ्याने ते आपल्या न्हाणीघरातही मानले पाहिजे. पूर्वी न्हाणीचे पाणी परसातल्या माडा-केळींच्या मुळाशी जाई. आता फ्लॅटला परसू उरले नाही. तरीही नव्या इमारतीला परवाना देताना न्हाणीच्या पाण्याचा पाइप वेगळा काढून ते बागेला नि शौचालयाला वापरण्याची अट घालता येईल. येत्या ग्रामसभेत कोणीतरी हा ठराव मांडावा, अशी आमची सूचना आहे.