आरसा लावण्याआधी भिंत पाहा

आरसा कितीही चांगला असो, जागा चुकली की गिऱ्हाईक नाराज होते आणि दोष मात्र दुकानदाराला किंवा बसवणाऱ्या कारागिराला येतो. म्हणून काचकाम, सुतारकाम आणि शिवणकाम करणाऱ्या आमच्या बांधवांसाठी काही गोष्टी येथे देत आहोत.

प्रथम उंची. डोक्यापासून पायापर्यंत दिसण्यासाठी माणसाच्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. लांब उभे राहिल्याने यात फरक पडत नाही. ५ फूट ६ इंच उंचीच्या माणसाला ३३ इंचांचा आरसा पुरे. त्याचे डोळे जमिनीपासून ६२ इंचांवर असतील, तर आरशाची खालची कड ३१ इंचांवर आणि वरची ६४ इंचांवर हवी. घरात लहान-मोठी माणसे असतील, तर त्या मानाने आरसा लांब घ्यावा. गिऱ्हाइकाला विनाकारण मोठी काच गळ्यात मारू नये.

दुसरा मुद्दा उजेडाचा. उजेड आरशावर नव्हे, पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळवंडलेला दिसतो. त्यामुळे खिडकीलगतच्या बाजूच्या भिंतीवर आरसा लावावा. शिंपी बांधवांनी ट्रायल रूममध्ये आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे लावावेत, म्हणजे कापडाचा रंग आणि फिटिंग नीट दिसते. खोलीत उजेड वाढवायचा असेल, तर मात्र खिडकीसमोरची भिंत बरी.

तिसरी गोष्ट ओल. पूर्वी काचेच्या पाठीवर कथील व पारा लावत. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी चांदी चढवण्याची रासायनिक रीत दाखवली. हा चांदीचा थर फार पातळ असतो. कडेने पाणी शिरले की तो काळा पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीवर आरसा लावूच नये. इतरत्रही मागे थोडी फट ठेवावी, हवा खेळते. आंबट वास येणारे सिलिकॉन पाठीला लावू नये, त्याने थर खराब होतो. आरशासाठीचे न्यूट्रल सिलिकॉन वापरावे.

वजनही ध्यानात घ्यावे. ४ मिलिमीटर जाडीची ४ फूट बाय २ फूट काच सुमारे साडेसात किलो भरते. एका खिळ्यावर तिचा भरवसा धरू नये. स्क्रू भिंतीत पक्के बसवून काचेला रबरी वायसर द्यावा. मुलांच्या अंथरुणाच्या वर जड आरसा नको.

नमाज पढण्याच्या जागी समोर आरसा नसावा. स्वतःची हालचाल दिसून लक्ष विचलित होते. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला येतो, म्हणून त्या खोलीत पश्चिमेची भिंत मोकळी ठेवण्यास सुचवावे. आरसा फुटणे हा अपशकुन मानण्यास दीनमध्ये आधार नाही. अशी भीती घालून माल खपवणे आपल्याला शोभत नाही.

ओली भिंत दिसली, तर एक ऑर्डर गेली तरी चालेल, पण गिऱ्हाइकाला खरे सांगावे. तेच गिऱ्हाईक पुढे दहा जणांना आपला पत्ता देईल, इन्शाअल्लाह.