मोटारीविना कुटुंबाची सफर: आग्रा, दिल्ली, शिमला

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना सहलीचे नाव काढले की पहिला प्रश्न पडतो तो दुकानाचा. शटर किती दिवस खाली राहणार, उधारीची वसुली कोण करणार, उक्त्यावर काम करणाऱ्या कारागिरांचा हप्ता कसा भागणार? नोकरदाराला रजा मिळते आणि पगारही चालू राहतो. आपला गल्ला मात्र बंद म्हणजे बंद. म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षे सहल निघत नाही, आणि निघालीच तर घाईघाईने भाड्याची जीप ठरवून निघते.

तशी एक सहल आम्ही केली आहे. सात माणसे, एक जीप, मागे टपावर सामान. घाट लागताच मुलांना उलट्या सुरू झाल्या. अम्मींचे गुडघे आखडले, त्यांना दर तासाला गाडी थांबवून उतरावे लागे. परत आल्यावर हिशेब मांडला तेव्हा कळले की, दिवसाला कमीत कमी अमुक किलोमीटरचे पैसे द्यायचेच होते, मग गाडी हॉटेलापाशी उभी का असेना. वर चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग. ज्या दोन दिवसांत आम्ही पायीच फिरलो त्या दिवसांचेही भाडे आम्ही मोजले! तेव्हाच ठरविले की पुढची सफर रेल्वेची करायची आणि तिचा आराखडा दुकानाच्या वहीइतक्याच काळजीने करायचा. तो आराखडा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी मोसमाचे पाहावे. कापडवाले, शिंपी, चप्पल-बूटवाले यांचा खरा धंदा रमजानात, चांदरातीपर्यंत. ईद झाली की पुढचे आठ-पंधरा दिवस बाजार सुना असतो. सफरीला हीच वेळ बरी. अडचण अशी की ईद चांद्र पंचांगाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि शाळेच्या सुट्ट्या जागच्या जागी राहतात. त्यामुळे गेल्या वर्षीचा बेत यंदा चालत नाही, दरसाल दोन्ही कॅलेंडरे शेजारी ठेवून पाहावे लागते. दुसरे असे की रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. साठ दिवस आधी चंद्र कोणत्या संध्याकाळी दिसेल हे कोण सांगणार? आम्ही ईदची उशिराची तारीख धरतो, तिच्यानंतर दोन दिवस पाहुण्यांसाठी सोडतो आणि मग तिकीट काढतो. ईदला घर सोडून स्टेशनावर धावण्यात काही अर्थ नाही.

पावसाळा मात्र टाळावाच. ऑगस्ट २०२३ मध्ये शिमल्याजवळ समर हिल येथे दरड कोसळली, रुळांखालची जमीन वाहून गेली आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. गाडी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. जुलै-ऑगस्टमध्ये धंदा मंद असला तरी त्या दिवसांत डोंगराकडे जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वार. अनेकांना हा किरकोळ मुद्दा वाटेल, पण सारा बेत याच्यावरच उभा आहे. मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी, आमच्या अनेक बांधवांची दुकानेही त्याच दिवशी बंद. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी निघावे हे ओघाने आले. मुंबईहून निघणारी पंजाब मेल मनमाडवरून जाते. मालेगावकरांना मनमाडपर्यंत एस.टी. आहेच. शुक्रवारी दुपार टळल्यावर ही गाडी आग्रा कँटला पोहोचते. शुक्रवारी ताजमहाल पर्यटकांसाठी बंद असतो. बुधवारी रात्री निघून गुरुवारी संध्याकाळी आग्र्यात उतरणारे कुटुंब दुसऱ्या दिवशी बंद दरवाजाशी उभे राहते. गुरुवारी निघणाऱ्याचा शुक्रवार प्रवासात जातो आणि शनिवारी पहाटे तो ताजच्या दारात असतो. तिकीट भारतीयांना ५० रुपये, मुख्य मकबऱ्यात जायचे तर वर २०० रुपये आणि १५ वर्षांखालील मुलांना माफ, असा दर २०१८ साली ठरला.

आग्र्यात बूट-चपलांच्या धंद्यातल्यांनी शनिवारची दुपार हींग की मंडीत घालवावी. ही पादत्राणांची जुनी घाऊक पेठ. तेथे भाव विचारला, चार नमुने घेतले, पत्ते लिहून घेतले तर सफरीचा काही खर्च वसूल झाला असे समजावे. संगमरवरात रंगीत दगड बसविणाऱ्या कारागिरांचे हात पाहण्यासारखे आहेत. आपल्या मुलांना हे काम जरूर दाखवावे.

संध्याकाळच्या गाडीने दिल्ली. रविवारी जुन्या दिल्लीचे घाऊक बाजार बहुतांशी बंद असतात आणि सोमवारी लाल किल्ला बंद असतो. म्हणून रविवारी किल्ला व जामा मशीद, सोमवारी बाजार. उलट केले तर दोन्ही हुकतात. शाहजहानच्या काळात १६५६ साली पुरी झालेल्या जामा मशिदीच्या नावाचेच मेट्रो स्टेशन २०१७ पासून आहे. चावडी बाजार आणि चांदनी चौक ही स्टेशने दुसऱ्या मार्गावर. त्या गल्ल्यांत मोटार घालणे हाच वेडेपणा, तेथे मेट्रो आणि पाय यांच्याइतके वेगवान वाहन नाही. गोटा-किनारीसाठी किनारी बाजार, कागद व लग्नपत्रिकांसाठी चावडी, कटलरी-किरकोळ मालासाठी सदर बाजार. एक सूचना: स्लीपर किंवा थ्री-टायर एसीमध्ये माणशी ४० किलो सामान चालते, पण ते घरगुती सामान. विक्रीचा माल डब्यात नेण्याची परवानगी नाही. खरेदी केलीच तर माल रेल्वे पार्सलने किंवा ट्रान्सपोर्टने पाठवावा, पावती खिशात ठेवावी. बाकांखाली गठ्ठे कोंबून बायका-मुलांना त्यांच्यावर बसविण्याची सवय आता सोडायला हवी.

सोमवारी रात्री जुन्या दिल्ली स्टेशनावरून नेताजी एक्स्प्रेस. जुने लोक तिला अजून कालका मेलच म्हणतात, २०२१ साली तिचे नाव बदलले. पहाटे ती कालक्याला सोडते आणि तेथून छोटी गाडी.

या छोट्या गाडीसाठीच खरे तर एवढा खटाटोप. नोव्हेंबर १९०३ मध्ये सुरू झालेला हा मार्ग ९६ किलोमीटरचा, रुळांमधले अंतर जेमतेम अडीच फूट. कालका साडेसहाशे मीटर उंचीवर, शिमला दोन हजारांच्या वर. मध्ये १०२ बोगदे आणि आठशेहून अधिक पूल. २००८ साली युनेस्कोने हा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतला. वर जायला पाच-सहा तास लागतात. मोटारीने लवकर पोहोचता येते हे खरे, पण मोटारीत मुले झोपतात किंवा ओकतात. येथे ती खिडकीला नाक लावून बोगदे मोजतात. आमच्या धाकट्याची मोजणी सत्तरच्या पुढे चुकली, त्यावरून भावंडांचे भांडण शिमल्यापर्यंत पुरले. बडोग स्टेशनाला लागून अकराशे मीटरहून लांब बोगदा आहे, मार्गावरचा सर्वांत मोठा. त्याची एक दंतकथा सांगतात: बडोग नावाच्या इंग्रज इंजिनिअरने दोन्ही बाजूंनी खोदकाम सुरू केले, तोंडे जुळली नाहीत, सरकारने त्याला एक रुपया दंड केला आणि त्या अपमानाने त्याने जीव दिला. खरे-खोटे कोण जाणे. पण ज्याने उभ्या आयुष्यात एकदा तरी कापड चुकीचे बेतले आहे त्याला ही गोष्ट लागते.

छोट्या गाडीचे आरक्षण वेगळे काढावे लागते, जागा थोड्या असतात. दिल्लीपर्यंतची तिकिटे काढून हे राहून गेले तर कालक्याहून बस पकडावी लागेल आणि सफरीचा जीव गेला म्हणून समजावे. म्हणून आम्ही सांगतो, आधी कालका-शिमल्याच्या जागा पाहाव्यात, मग त्या तारखेवरून मागे हिशेब करीत दिल्ली, आग्रा आणि घर.

शिमल्याचा माल रोड आणि रिज येथे पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. मोटार घेऊन येणारेही ती खाली लावून पायीच वर चढतात. कार्ट रोडवरून माल रोडला जाण्यास लिफ्ट आहे. गुडघेदुखीच्या माणसांसाठी तिच्याजवळचे मुक्कामाचे ठिकाण शोधावे, दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील. अम्मींनी रिजवरच्या बाकावर बसून दोन दिवस काढले आणि आम्हाला म्हणाल्या, ‘‘तुम्ही फिरा रे, मला इथून सगळं दिसतंय.’’ लाकूडकाम करणाऱ्यांनी लक्कड बाजार पाहावा. नावावरूनच धंदा कळतो.

गुरुवारी सकाळी खाली, कालक्याहून संध्याकाळची शताब्दी, रात्री दिल्ली. शुक्रवारी दिल्ली सोडली की शनिवारी घर आणि रविवारी दुकान. शुक्रवारची सुट्टी धरणाऱ्याचे धंद्याचे सात दिवस बुडतात. हा आकडा आधीच वहीत लिहावा आणि उक्त्यावरच्या कारागिरांना त्या आठवड्याची उचल आधी द्यावी. आपण डोंगरात आणि त्यांची चूल थंड, असे होऊ नये.

तिकिटांची थोडी व्यवहारी माहिती. एका तिकिटावर सहा माणसे बसतात, सातव्यासाठी दुसरे तिकीट. पाच वर्षांखालील मुलाला जागा न घेता प्रवास मोफत. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तीवर हिशेब बांधू नये. वयाची नोंद मात्र बिनचूक करावी, खालचा बर्थ मिळण्यास तिचा उपयोग होतो. रेल्वे नेहमी स्वस्तच पडते असे आम्ही म्हणणार नाही. सात जणांनी एसीने जायचे तर भाडे जीपच्या जवळ जाईल. स्लीपरने जाणाऱ्याची बचत खरी, पण मे महिन्यात आग्र्याकडचा स्लीपर म्हणजे भट्टी.

ज्यांना सात दिवस परवडत नाहीत त्यांनी माथेरान करावे. नेरळपर्यंत लोकल, पुढे छोटी गाडी. हा दोन फुटी मार्ग १९०७ साली सुरू झाला. तो बांधला अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, आणि त्यासाठी सुमारे सोळा लाख रुपये पुरविले त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. एका मुसलमान व्यापारी घराण्याने आपल्या भांडवलावर डोंगरात रेल्वे नेली, हे आमच्या कितीजणांना ठाऊक आहे? २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेल्याने गाडी बंद पडली, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, त्या वरची फेरी तेवढी चालते. माथेरानात मोटारींना बंदीच आहे, दस्तुरी नाक्यापुढे त्या जात नाहीत. शुक्रवारी फजरनंतर निघालेले मुंबईचे कुटुंब एक रात्र राहून शनिवारी संध्याकाळी परत येते, दुकानाचा एकच दिवस जातो.

आम्ही शिमल्याआधी हाच प्रयोग केला होता. अम्मींना गाडीची वळणे सोसतात की नाही ते नेरळच्या चढावरच कळले, आणि मगच साठ दिवस आधीची ती तारीख वहीत लिहिली.