बुद्वार छायाचित्रात कपडा काय करतो?

बुद्वार छायाचित्रण (शयनगृहासारख्या खासगी वातावरणात, अंतर्वस्त्रांत किंवा तलम कपड्यांत काढलेली छायाचित्रे) करायचे ठरले की पोट-मांड्यांबद्दल संकोच असणाऱ्या अनेकजणी सैल कपडा निवडतात. ढगळ कपड्यात अंग लपते हा समज स्वाभाविक आहे; आरशासमोर हलताना तो खराही वाटतो. कॅमेरा मात्र एकच क्षण धरतो आणि त्याचे सपाट चित्र करतो. मग कापड आणि शरीर यांच्यातली पोकळीही शरीरच भासते; ढगळ अभ्र्यातली उशी जाडच दिसते, तसे. म्हणून कंबरेशी बेतलेला, पण न काचणारा कपडा बरा. काचणारे इलॅस्टिक एरवी नसलेली वळी अंगावर उभी करते, तेव्हा लेबलावरचा आकडा विसरून एक माप मोठे घ्यावे. आडव्या पट्ट्यांनाही घाबरू नये: आडव्या रेघांचा चौरस उभ्या रेघांच्या चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवले आहे.

खरी किमया प्रकाशाची आणि पोझची, कपड्याची नव्हे, असा आक्षेप येईल. तो निम्माच खरा. साटिनची चमक प्रत्येक घडी उठवून दाखवते, लेसची नक्षी तीच घडी विरवते. प्रकाश पडतो तो कपड्यावरच. खरेदीपूर्वी कपडा घालून, बसून आणि आडवे होऊन मोबाइलवर फोटो काढून पाहा.