जुनं सोन्याचं नाणं हाती आलं तर आधी सोनाराकडे पळू नका

शेतकरी बंधूंनो, नांगरटीत, विहिरीच्या गाळात किंवा पडक्या वाड्याची भिंत उतरवताना कधीतरी एखादं पिवळं नाणं हाताला लागतं. मग कुजबूज सुरू होते आणि दोन दिवसांत ते नाणं सोनाराच्या मुशीत जातं. आमच्या फिरतीत मला असाच एक शेतकरी भेटला. शेततळ्याच्या खोदाईत त्याला एक नाणं मिळालं होतं. घाबरून त्याने ते वजनावर विकलं आणि सोनाराने आटवलं. मी विचारलं, "त्यावर काय होतं?" तो म्हणाला, "अक्षरं होती साहेब, आपल्या मराठीसारखी. वर श्री का काय होतं." वजन किती भरलं, तेही त्याला आठवेना.

त्या 'श्री'वर मी बरेच दिवस विचार करत होतो. आपल्या भागात 'श्री' असलेलं सोन्याचं नाणं निरनिराळ्या राजवटींचं असू शकतं. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या (१५०९ ते १५२९) वराहावर देवनागरीत 'श्री प्रताप कृष्णराय' असं असतं आणि दुसऱ्या बाजूला बाळकृष्ण. त्याचं वजन साधारण ३.४ ग्रॅम. पाचशे वर्षांचं असलं तरी असे वराह बऱ्यापैकी मिळतात. दुसरा शिवराई होन. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी तो पाडला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं कडं. वजन जेमतेम २.८ ग्रॅम. वराहापेक्षा हा दीडशे वर्षांनी लहान आणि वजनालाही हलका, पण अस्सल होन इतके थोडे उरले आहेत की संग्रहालयातही त्याची वेगळी नोंद होते. सोनाराच्या काट्यावर मात्र वराह भारी ठरतो!

म्हणजे जुनं तेवढं दुर्मिळ, हा समज आधी काढून टाका. महाराजांचीच तांब्याची शिवराई घ्या. ती पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत पडत राहिली, त्यामुळे आजही ढिगाने सापडते. किती पाडली, त्यातली किती आटवली आणि किती उरली, यावर दुर्मिळपण ठरतं.

घरातल्या गिनीचंही तसंच. आजीच्या डब्यातली ही इंग्रजी मोहर ७.९८ ग्रॅम वजनाची, २२ कॅरटची, घोडेस्वाराच्या छापाची असते. बहुतेक गिन्यांना सोन्याच्या भावापेक्षा फार जास्त मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण साल १९१८ असेल तर भिंग घेऊन घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या मधोमध वर पाहा. तिथे इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असेल तर ती मुंबईत पाडलेली. मुंबईत गिनी त्या एकाच वर्षी पडली, सुमारे १३ लाख. त्याच वर्षी, त्याच वजनाचं १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही मुंबईत पडलं, ते तर २१ लाखांच्या घरात. दिसायला भाऊ-भाऊ, पण दुसरं बरंच कमी आढळतं.

पुतळीच्या माळेबद्दल बायाबापड्या नेहमी विचारतात. पुतळी मूळची इटलीतल्या व्हेनिस शहराची, साडेतीन ग्रॅमची, जवळजवळ शुद्ध सोन्याची. १२८४ पासून १७९७ पर्यंत ती तिथे पडत होती. एका बाजूला संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आहे, आपल्या लोकांना त्यात बाहुल्या दिसल्या. पण आपल्याकडच्या कितीतरी पुतळ्या इथल्याच कारागिरांनी नक्कल करून घडवल्या आहेत. अस्सलवरची रोमन अक्षरं नीट लागतात, नकलेवर नुसत्या काड्या-रेघोट्या असतात. नक्कल असली म्हणून सोनं खोटं नसतं, बरं का.

आता स्थिती. कांद्याची प्रतवारी आपण करतो तशीच नाण्याचीही करतात. केसांच्या बटा, घोड्याचा लगाम, अक्षरांच्या कडा, अशी उंच भागातली बारीक रेघ शाबूत असेल तर पहिली प्रत. चेहरा सपाट झाला असेल तर खालची. माळेसाठी डाख देऊन कडी लावली, भोक पाडलं किंवा कड कानशीने घासली की किंमत एकदम उतरते. सर्वांत जास्त नुकसान मात्र आपणच करतो, चिंच, राख नाहीतर टूथपेस्ट लावून! सोनं गंजत नाही. माती असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवा, सुटेल तेवढी सुटू द्या. घासू नका. नाणं कडेला धरा, कागदी पाकिटात ठेवा.

खोटं ओळखायला सोनाराचा बारीक काटा उपयोगी पडतो. खरी गिनी दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलली तर सुमारे ०.४५ ग्रॅमने हलकी भरते. तेवढ्याच वजनाची पितळी चकती जवळजवळ एक ग्रॅमने हलकी भरते. ओतीव नकलेवर बारीक खड्डे आणि कडेला सांधा दिसतो. होनाच्या तर आठवण म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतीच फार आहेत. आणि कोणी "खोदकामात हंडा सापडला, स्वस्तात देतो" म्हणत आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. पहिलं नाणं तपासायला खरंच देतात, पैसे मोजल्यावर पिशवीत पितळ निघतं.

वाडवडिलांचा दागिना तुमचा आहे. जमिनीत सापडलेल्या नाण्याला मात्र १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांवरची कोणतीही वस्तू सापडली तर काय, कुठे, कोणत्या तारखेला सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लोक याला भितात, "सरकार सगळं घेऊन जाईल" म्हणतात. तसं नाही. दावेदारांना चार ते सहा महिन्यांची मुदत मिळते. धन बेवारस ठरलं आणि वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, उरलेलं जागेच्या मालकाचं. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माझ्या त्या शेतकऱ्याने भीतीपोटी नेमकं हेच ओढवून घेतलं.

शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. म्हणून व्यापार करणाऱ्याकडे परवाना आहे का, ते विचारा. खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाहीत.

सरपंच आणि भाऊसाहेबांना विनंती. असं कोणी आलं तर आधी दरडावू नका. पंचांसमोर वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा, जागेचा गट नंबर आणि खोली लिहा, मगच तहसीलला कळवा. घरच्या नाण्याची ओळख पटवायची असेल तर असेच फोटो आणि वजन घेऊन नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे विचारता येईल. नाणं आटवायचंच असेल तर ते उत्तर आल्यावर आटवा.